रेंडु चालु

पाणी पाचव्या दिवशी येतं,
त्यामुळं साठवण आम्हाला शिकवायला नको.
गच्चीवर काळी टाकी, मोरीत दोन पिंपं,
पिंपावर पातेलं, पातेल्यात तांब्या,
तांब्यातसुद्धा पाणी.

तरी नव्या पेठेत, इरण्णाच्या दुकानात
अर्धा तास मी नुसती उभी.
दोन खणांचा डबा घ्यावा की चार?

घरात तीन कॉम्प्युटर. फोन तर
रोज सकाळी 'जागा नाही' म्हणून कुरकुरतात.
अठरा वर्षांची टॉवेल-चादरींची डिझाइनं,
कोयऱ्या, चौकटी, हंस,
'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल हेच घ्या'.

मे महिन्यात एक डिस्क गेली.
चव्वेचाळीस डिग्री होतं.
आधी टिकटिकली, मग कण्हली, मग गार.
तिच्यात हैदराबादच्या पार्टीची चादर होती
आणि श्रीलताचं बारसं.
चादर मी पुन्हा काढली.

"दोन खणांचाच घ्या की ओ अक्का," इरण्णा म्हणाला.
"एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं.
एक मेली तर दुसरी आहेच."
"आणि मीच चुकून पुसलं तर?"
तो काउंटरवर फडकं फिरवत राहिला.
"दोन्हीकडचं जाईल. आरसाच तो.
समोर नाही ते त्याच्यात कुठलं?"
विकणाऱ्यानं एवढं खरं बोलू नये.

मामंजी हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते.
अडतीस वर्षं त्यांनी जेकार्डचे पुठ्ठे मारले.
भोक असेल तिथं दोरा उठायचा,
नसेल तिथं पडून राहायचा.
डब्याकडं बघत विचारलं,
"यात पुठ्ठे किती बसतील?"
इरण्णानं हिशेब लावायला कॅल्क्युलेटर घेतला
आणि शून्यं मावेनात म्हणून खाली ठेवला.

मग मामंजी, दुकानाला नाही, डब्यालाच सांगितल्यासारखं:
एका मोराचे बाराशे पुठ्ठे, दोरीनं शिवलेले.
एका पावसाळ्यात उंदरानं मान खाल्ली.
दिवाळीपर्यंत कारखान्यातून
बिनमानेचे मोर बाहेर पडले,
आणि गुलबर्ग्याला खपले सुद्धा!
तेव्हापासून ते दोन संच मारायचे.
दुसरा कारखान्यात नाही ठेवायचे,
दत्तनगरात, थोरल्या भावाच्या माळ्यावर.
भावाशी तेव्हा बोलणं नव्हतं.
पुठ्ठे ठेवायला जायचे, चहा न पिता परत यायचे.
"उंदीर दोन्ही घरांत एकाच रात्री येत नाही."

मग दोन बोटं वर करून म्हणाले, "रेंडु चालु."
इरण्णाला वाटलं विचारताहेत.
"हो की ओ काका, दोन्ही चालू आहेत,
लाइट बघा की, हिरवा."
आमच्या घरात चालु म्हणजे पुरे.
मी समजावलं नाही. दोघांचंही बरोबर होतं.

दोन खणांचा घेतला.
वर एक सुटी डिस्क, रुमालात गुंडाळण्याएवढी,
विजापूर रोडला नणंदेकडं ठेवायला.
पंधरवड्यातून एकदा ती येते आणि जाते,
त्याच पिशवीत शेंगाचटणीचा डबा.
बिल बघून यांनी विचारलं,
एवढ्यात किती चादरी विकाव्या लागतील.
मी आकडा सांगितला. ते जेवायला बसले.

डबा आता राउटरशेजारी, देवळीत, कूलरच्या वाऱ्यात.
लाइट गेली की यूपीएस ओरडतो,
मामंजी अंधारात जाऊन त्याच्या पाठीवर तळहात ठेवतात,
मागाची मोटर तापली का बघायचे, तसं.

रात्री मी सगळं नावानिशी लावलं.
'श्रीलता बारसं' असा एक फोल्डरही केला.
रिकामा.
तो दुसऱ्या डिस्कवर लगेच उमटला,
तितकाच रिकामा.
पुसावा का, विचार करत होते,
तेवढ्यात मोरीत नळ खाकरला.
पाचवा दिवस होता.
पिंपं धुवायची राहिली होती.